लाल शाईची दुरुस्ती

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



तीस वर्षं मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवलं. या तीस वर्षांत विद्यार्थ्यांची किती जर्नलं तपासली, याचा हिशेब नाही. लाल शाईच्या पेनाची एक सवय हाताला लागून जाते. आकृती बघायची, पुस्तकातल्या आकृतीशी मनातल्या मनात ताडून पाहायची, आणि जिथं फरक दिसेल तिथं गोल करायचा. आज त्यातल्याच एका गोलाची गोष्ट सांगणार आहे. तो गोल चुकला होता, हे मला फार उशिरा कळलं.

साल १९८७. माझे एक मित्र संशोधन संस्थेत काम करत. त्यांनी मला काही स्लाइड दिल्या होत्या. आमांशाला कारणीभूत होणारा जो अमीबा, तो त्यांनी प्रयोगशाळेत नळीत वाढवला होता, आणि रंगवून काचेवर बसवला होता. आमच्या कॉलेजच्या मानानं ही चैनच होती. मी त्या स्लाइड वर्गात लावल्या आणि सांगितलं, बघा आणि काढा.

वर्गात एक मुलगी होती. जवळच्या खेड्यातून रोज एसटीनं यायची. अबोल, पण हात फार चांगला. तिनं तीन पेशी काढल्या. एकीत लहान केंद्रक, दुसरीत त्याच्या कितीतरी मोठं केंद्रक, आणि तिसऱ्या पेशीत चक्क दोन केंद्रकं. मी विचारलं, "अगं, हे काय?" ती म्हणाली, "सर, असंच दिसतंय." मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचेही कष्ट घेतले नाहीत. दोन केंद्रकांवर लाल गोल केला आणि शेजारी लिहिलं, 'केंद्रक एकच असते. पुस्तकातील आकृती पाहावी.' दोन गुण कापले. तिनं मान हलवली आणि पुढच्या आठवड्यात पुस्तकातली आकृती सुबक काढून आणली.

आता मी त्या वेळी जे शिकवत होतो ते काय होतं, ते आधी सांगतो. तुमच्यापैकी बहुतेकांनी ते शाळेत शिकलेलं आहे. अमीबा हा एकाच पेशीचा जीव. त्याला नर नाही, मादी नाही. वाढतो, आणि पुरेसा वाढला की मधोमध आवळत जाऊन त्याचे दोन होतात. त्याआधी केंद्रकातला डीएनए, म्हणजे त्या जीवाची सगळी वंशपरंपरागत माहिती, दुप्पट होते आणि दोन्ही लेकरांना सारखी वाटली जाते. एकाचे दोन, दोनाचे चार. भावाभावांत बांधाला बांध लावून शेत वाटावं, तशी चोख वाटणी.

यात एक नियम गृहीत असतो. डीएनए एका वेळी एकदाच दुप्पट व्हायचा. वाटणी झाल्याशिवाय दुसऱ्यांदा नाही. आपल्या शरीरातल्या पेशींत या नियमावर कडक पहारा असतो. आधीचं काम पुरं झाल्याशिवाय पुढचं सुरू होऊ द्यायचं नाही, अशी जणू नाकीच असतात. ही यंत्रणा उलगडणाऱ्या लेलँड हार्टवेल, टिम हंट आणि पॉल नर्स या तिघांना २००१ साली नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्या यकृतात दुप्पट-चौपट डीएनए असलेल्या पेशी आढळतात खऱ्या, पण शरीराची सर्वसाधारण रीत तीच: एकदा दुप्पट, मग वाटणी. आम्ही शिक्षक मंडळींनी हीच रीत अमीबालाही लावून टाकली होती. एवढा साधा जीव, तो कशाला नियम मोडेल?

आता त्या आमांशाच्या अमीबाकडे वळू. त्याचं शास्त्रीय नाव एन्टामिबा हिस्टोलिटिका. आपल्याकडे ज्याला 'आव पडणं' म्हणतात, त्यामागे बऱ्याचदा हा असतो. माझ्या लहानपणी आव पडली की आजी कुड्याच्या सालीचा कडू काढा पाजायची. तो जीव पहिल्यांदा नीट पाहिला आणि वर्णन केला तो १८७५ साली रशियात, सेंट पीटर्सबर्ग इथल्या फ्योदोर ल्योश या डॉक्टरांनी. पुढं १९१२ साली कलकत्त्यात लेनर्ड रॉजर्स यांनी एमेटीनच्या इंजेक्शनानं या आमांशावर उपचार करून दाखवले. म्हणजे या जीवाच्या इतिहासात आपल्या कलकत्त्याचं नाव जुनंच आहे. ते पुन्हा येणार आहे, आणि माझी चूक उघडी पडणार आहे तीही तिथूनच.

हा अमीबा दोन रूपांत जगतो. एक हिंडतं-फिरतं, खाणारं रूप. ते आपल्या मोठ्या आतड्यात राहतं आणि तिथल्या जीवाणूंवर पोट भरतं. दुसरं कवचातलं रूप, त्याला सिस्ट म्हणतात. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात हा शब्द तुम्ही वाचला असेल. सिस्ट शौचावाटे बाहेर पडतात, पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून दुसऱ्याच्या पोटात जातात आणि तिथं कवच फोडून पुन्हा हिंडू लागतात. बहुतेकांना याचा काही त्रासही होत नाही. काहींच्या मात्र आतड्याला जखमा होतात, आणि क्वचित तो यकृतापर्यंत पोचून तिथं गळू करतो.

याचा अभ्यास करायचा तर तो पोटाबाहेर वाढवता आला पाहिजे. १९२५ साली अमेरिकेत बोक आणि द्रबोहलाव यांनी तो नळीत वाढवला, पण जीवाणूंच्या सोबतीनं. नळीत अमीबाही आणि जीवाणूही, मग कोणतं रसायन कोणाचं हे कसं सांगायचं? शेवटी १९६१ साली लुई डायमंड यांनी त्याला जीवाणूंशिवाय, निव्वळ पोषक द्रवात वाढवण्याची रीत बसवली. तेव्हापासून जगभरच्या प्रयोगशाळांत हा अमीबा असाच एकटा, स्वच्छ वाढवला जाऊ लागला. माझ्या मित्राच्या स्लाइडवर होता तोही असाच वाढवलेला.

आता कोलकात्याची गोष्ट. जगदीशचंद्र बोस यांनी १९१७ साली स्थापन केलेल्या बोस इन्स्टिट्यूटमध्ये अनुराधा लोहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या अमीबाच्या विभाजनाचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. पेशीतला डीएनए मोजायचा कसा? डीएनएला चिकटून चमकणारा एक रंग पेशींना द्यायचा. मग पेशी एकामागोमाग एक, रांगेतून सोडल्यासारख्या लेझरच्या किरणापुढून न्यायच्या. जी जास्त चमकेल तिच्यात डीएनए जास्त. असं हजारो पेशींचं मोजमाप थोड्या वेळात होतं. नियम पाळणाऱ्या पेशींत या मोजणीचे दोन ठळक उंचवटे दिसतात: एक डीएनए दुप्पट होण्याआधीच्या पेशींचा, दुसरा दुप्पट झालेल्यांचा.

जीवाणूंशिवाय वाढवलेल्या आमांशाच्या अमीबात असे दोन नीटस उंचवटे मिळेनात. डीएनएचं प्रमाण पसरलेलं होतं. कुठं थोडं, कुठं कितीतरी पट. काही पेशींत एकाहून जास्त केंद्रकं होती, आणि केंद्रकाकेंद्रकांतही डीएनए कमी-जास्त होता. २००२ साली या गटानं दाखवून दिलं की या अमीबात डीएनएचं दुप्पट होणं आणि पेशीचं दोन होणं यांची सांगड सैल आहे. पेशी दुभंगायची वाट न बघता डीएनए पुन्हा पुन्हा तयार होत राहू शकतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या कामात दिसलं की वाटणीही चोख नसते. लेकरांच्या वाट्याला कमी-जास्त डीएनए येतो.

आणि मग २००८ साली आला तो शोधनिबंध, जो वाचताना मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. चंद्रमा मुखर्जी, ग्रॅहॅम क्लार्क आणि अनुराधा लोहिया यांचा. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला. जीवाणूंसोबत वाढणाऱ्या आणि जीवाणूंशिवाय वाढणाऱ्या अमीबांत डीएनए सारखाच असतो का? उत्तर मिळालं: नाही. जीवाणूंशिवाय वाढणाऱ्या अमीबाच्या केंद्रकात किमान दहापट जास्त डीएनए होता. दहा टक्के नव्हे, दहापट. पुढची गोष्ट आणखी नवलाची. त्याच अमीबांना त्यांचे जुने सोबती जीवाणू परत दिले, तर डीएनए उतरून पुन्हा मूळच्या पातळीवर आला.

या गटानं सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पोटात राहणारा या अमीबाचा एक भाऊबंदही तपासला. त्याच्या सिस्टमधून हिंडतं रूप बाहेर आलं, की केंद्रकातला डीएनए सुमारे चाळीसपट वाढत होता. हे होताना जनुकांचं आपापसांतलं प्रमाण फारसं बदलत नव्हतं. म्हणजे एखादंच प्रकरण जास्त छापलं जातंय असं नाही. सगळा ग्रंथच्या ग्रंथ कमी-जास्त प्रतींत ठेवला जात असावा, असा अंदाज त्यांनी बांधला.

आमांशाचा अमीबा परजीवी आहे, त्याच्या तऱ्हा वेगळ्या असतील, असं कुणी म्हणेल. मग शाळेच्या पुस्तकातला, तळ्यातला अमीबा घ्या. अमीबा प्रोटिअस. त्यावरही सेंट पीटर्सबर्गमध्येच, रशियन विज्ञान अकादमीच्या पेशीविज्ञान संस्थेत दीर्घकाळ काम झालं आहे. तिथल्या संशोधकांना दिसलं की दोन विभाजनांच्या मधल्या काळात याच्या केंद्रकातला डीएनए दुपटीपेक्षाही जास्त होतो, आणि जास्तीचा भाग विभाजनाआधी केंद्रकाबाहेर टाकला जातो. त्याविषयीचा त्यांचा एक निबंध २०२० साली प्रसिद्ध झाला. ज्या जीवाकडे बोट दाखवून मी तीस वर्षं 'एकदा दुप्पट, मग वाटणी' म्हणत आलो, तोच आधी साठवतो आणि मग झाडून बाहेर टाकतो.

आता मुख्य प्रश्न. हा खटाटोप कशासाठी?

इथं आपल्याकडच्या पोथ्यांचं उदाहरण घेऊ. छापखाने नव्हते तेव्हा पोथ्या हातानं उतरवल्या जात. उतरवणारा कितीही काळजी घेवो, कुठं काना राहतो, कुठं ओळ गळते. पुढचा माणूस त्या चुकांसकट उतरवतो आणि स्वतःच्या दोन घालतो. एकाच प्रतीवरून एक, तिच्यावरून दुसरी, असं चाललं तर चुका फक्त वाढतात, कमी होत नाहीत. एकट्यानं प्रजनन करणाऱ्या जीवांच्या बाबतीत हा धोका हर्मन मुलर यांनी १९६४ साली मांडला. क्ष-किरणांनी जनुकांत बदल होतात हे दाखवल्याबद्दल १९४६ चं नोबेल मिळवलेले हे शास्त्रज्ञ. एकाच दिशेला फिरणारं, मागे न येणारं दातेरी चाक असतं, तशी ही गत. म्हणून तिला 'मुलरचं चाक' म्हणतात. नर-मादी असलेल्या जीवांत दोघांची जनुकं मिसळतात; चुकीची बाजूला पडून बरोबर असलेली एकत्र येण्याची संधी मिळते. अमीबाला जोडीदार नाही. मग त्याचं चाक थांबवायचं कोणी?

यावर उपाय काय, हे आपल्या भाषेच्या इतिहासातच आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत असेच पाठ बिघडले होते. तेव्हा पैठणच्या एकनाथ महाराजांनी अनेक प्रती समोर ठेवल्या, एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. एकच पोथी असती तर कुठं चुकलंय हे कळायलाही मार्ग नव्हता. अनेक होत्या, म्हणून दुरुस्ती झाली.

सदरलँड मॅकायव्हर या शास्त्रज्ञांनी २०१६ साली मांडलेली कल्पना याच धर्तीची आहे. केंद्रकात एकाच माहितीच्या पुष्कळ प्रती असल्या, तर एका प्रतीतला बिघाड दुसऱ्या चांगल्या प्रतीवरून दुरुस्त होऊ शकतो. म्हणजे प्रती वाढवणं हा अमीबाचा उधळेपणा नसून त्याची बेगमी असावी. त्याच्याही आधी, १९९४ मध्ये, अलेक्सी कोंद्राशोव्ह यांनी असं सुचवलं होतं की डीएनए वाढवणं आणि पुन्हा कमी करणं हे चक्र नर-मादी प्रजननाच्याही आधीचं असावं, आणि त्यातूनच पुढं ती रीत आली असावी. फरक इतकाच, की नाथांनी जाणून दुरुस्ती केली. पेशीला जाणीव नसते. तिथं हे सगळं रसायनांच्या व्यवहारात घडतं, आणि ज्या वंशात घडतं तो टिकतो. या कल्पना आहेत, त्यांची तपासणी चालू आहे, हे मी मुद्दाम सांगतो. डीएनए मोजला गेला, ती मोजणी पक्की. तो का बदलतो याचं उत्तर अजून त्या तोडीचं पक्कं नाही.

तुम्ही म्हणाल, आमचा याच्याशी संबंध काय? आहे. आपल्या आतड्यात हा अमीबा कधीच एकटा नसतो, कोट्यवधी जीवाणूंच्या गर्दीत असतो. प्रयोगशाळेत मात्र जगभर त्याचा अभ्यास बहुतांशी एकट्याचा झाला. औषधं आधी त्याच्यावर तपासली गेली, जनुकं त्याचीच वाचली गेली. तो अमीबा आणि आपल्या पोटातला अमीबा यांच्या केंद्रकांत दहापटीचा फरक पडू शकत असेल, तर नळीत जे दिसलं ते पोटात जसंच्या तसं असेल असं धरून चालणं जोखमीचं आहे. या शोधाचा मी घेतलेला धडा एवढाच: जीव कुठं आणि कुणासोबत राहतो, हे वगळून त्याचं वर्णन पुरं होत नाही. घरच्यासाठीचा धडा मात्र जुनाच. पाणी उकळून प्या, हात धुवा. सिस्टला नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनची फारशी भीती नसते. उकळत्या पाण्याची असते.

आता पुन्हा त्या जर्नलाकडे.

तो २००८ चा निबंध वाचला आणि मला ती तीन पेशींची आकृती डोळ्यांपुढं दिसली. लहान केंद्रक, मोठं केंद्रक, दोन केंद्रकं. नुसत्या केंद्रकाच्या आकारावरून डीएनएचं माप ठरत नाही, हे खरं. त्या मुलीनं शोध लावला होता असं मी म्हणणार नाही. पण तिनं जे पाहिलं ते खरं होतं. जीवाणूंशिवाय वाढवलेल्या अमीबात ते तसंच दिसतं. पुस्तकातली आकृती कदाचित रुग्णाच्या पोटातल्या अमीबाची असेल. दोन्ही बरोबर, फक्त दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या. 'असं का?' एवढं मी विचारलं असतं, तरी त्या तासाला आम्ही दोघांनी काहीतरी शिकलो असतो.

तिचा पत्ता लावायला मला बराच वेळ लागला. ती आता एका तालुक्याच्या गावी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. फोनवर मी तिला सगळं सांगितलं. कोलकात्याचं, दहापटीचं, आणि माझ्या लाल गोलाचं. म्हटलं, "तुझे दोन गुण मी चुकून कापले. तुझी आकृती बरोबर होती."

ती हसली. म्हणाली, "सर, गुणांचं मी केव्हाच विसरले." मग जरा थांबून म्हणाली, "पण त्यानंतर मी स्लाइड बघून काढणं सोडून दिलं होतं. जर्नलात पुस्तकातलंच काढायचे. सगळ्यांत जास्त गुण मिळाले तेव्हा मला."

त्यात तक्रार नव्हती. तिनं ते सहज सांगितलं, म्हणूनच ते मला जास्त लागलं. गुण परत देता आले असते. बघण्याची सवय मी मोडली होती, ती परत कशी देणार?

मी विचारलं, "आणि आता? आता लॅबमध्ये काय करतेस?"

"आता बघते, सर," ती म्हणाली. "आता समोर पेशंट असतो ना. पुस्तकातलं लिहून कसं चालेल?"

ऐकणाऱ्यांत कुणी शिक्षक असतील, तर त्यांना एक विनंती. लाल पेन उचलण्याआधी एकदा स्वतः सूक्ष्मदर्शकात डोकावून पाहा. अर्धं मिनिट लागतं. मी ते वाचवलं होतं.